क्लीनरूमशिवाय सॉ चिप: पीसीबीची बोटं आणि लिथियम निओबेटचा तुकडा

सरफेस अकूस्टिक वेव्ह (पृष्ठभागावरून जाणारा ध्वनितरंग), म्हणजे ‘सॉ’, वापरून बारीक चॅनेलमधल्या द्रवातले कण हलवणारी मायक्रोफ्लुइडिक चिप महाग का पडते? लिथियम निओबेटचा (व्होल्टेज दिल्यावर आकार बदलणाऱ्या स्फटिकाचा) वेफर, म्हणजे पातळ चकती, स्वस्त नसतो, पण तो एकदाच घ्यावा लागतो. खरा पैसा जातो त्यावर सोन्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची बोटं, म्हणजे कंगव्याच्या दातांसारखे इलेक्ट्रोड, उमटवण्यात: फोटोलिथोग्राफी (प्रकाशाने नमुना उमटवणं), धातूचा थर, लिफ्ट-ऑफ (नको तो धातू सोलून काढणं) आणि त्यासाठी क्लीनरूममधली मिळेल तेव्हाची वेळ. शिवाय बोटं स्फटिकावरच असल्याने स्फटिक तडकला की सगळं काम पाण्यात. ज्या कॉलेजात क्लीनरूम नाही तिथे हा विषय बहुतेक वेळा सेमिनारपुरताच उरतो, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण तरंग उठवायला क्लीनरूम लागत नाही.

उपाय असा: बोटं पीसीबीवर (छापील सर्किट बोर्डवर) काढून घ्यायची, स्फटिक कोराच ठेवायचा आणि दोन्ही एकमेकांवर दाबायचे. आकृती चुकली तर पीसीबी बदला, स्फटिक फुटला तर स्फटिक बदला. ही पद्धत शोधनिबंधांत आलेली आहे. पण ‘पीसीबी वेफरवर दाबला’ असं तिथे एका वाक्यात उरकलं जातं. प्रत्यक्षात निम्मं काम त्या दाबण्यातच आहे, म्हणून या लेखातही सर्वांत जास्त जागा त्यालाच दिली आहे.

आधी लांबी ठरवा, मग वारंवारता

पृष्ठभागावरून जाणाऱ्या या तरंगांचं गणित रॅलेने १८८५ मध्ये मांडलं. एकमेकांत गुंतलेल्या बोटांनी (आयडीटी) हे तरंग स्फटिकावर थेट उठवता येतात, हे व्हाइट आणि व्होल्टमर यांनी १९६५ मध्ये दाखवलं. तेव्हापासून सूत्र तेच आहे. बोटाची रुंदी आणि दोन बोटांमधली फट, दोन्ही तरंगलांबीच्या पाव. १२८ अंश वाय-कट (स्फटिक कोणत्या कोनात कापला ते सांगणारं नाव) लिथियम निओबेटवर स्फटिकाच्या एक्स दिशेने तरंगाचा वेग सेकंदाला साधारण ३९९० मीटर असतो.

साधा पीसीबीवाला ६ मिलची (हजारांश इंच) रेघ आणि ६ मिलची फट सहज देतो. ४ मिल मागितलं तर थोडे जास्त पैसे पडतात, पण मिळतं. ४ मिल म्हणजे १०१.६ मायक्रॉन. त्याची चौपट ४०६ मायक्रॉन ही तरंगलांबी, आणि वारंवारता सुमारे ९.८ मेगाहर्ट्झ. पुढचे सगळे आकडे याच मापासाठी आहेत.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. बाजारात सहज मिळणारा वेफर अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. तरंगलांबी ०.४ मिलिमीटर असताना अर्धा मिलिमीटर जाडी पुरत नाही. तरंग फक्त वरच्या पृष्ठभागावर न राहता अख्खी पट्टी थरथरते, लॅम्ब प्रकारच्या (पूर्ण जाडीत पसरणाऱ्या) लहरी मिसळतात आणि व्हीएनएवर (कोणत्या वारंवारतेला किती सिग्नल परततो किंवा पलीकडे जातो ते दाखवणाऱ्या यंत्रावर) एका खड्ड्याऐवजी चार-पाच खड्डे दिसतात. त्या लहरी द्रव ढवळायला चालतात, पण कण रांगेत लावायचे असतील तर रांगांमधलं अंतर गणिताशी जुळत नाही. त्यामुळे १ मिलिमीटर जाडीचा तुकडा मागवा. मिळालाच नाही तर ३ मिलचा फ्लेक्स (लवचीक) पीसीबी करा, म्हणजे तरंगलांबी ३०५ मायक्रॉन आणि वारंवारता १३ मेगाहर्ट्झच्या आसपास येते.

तुकडा ४० × २० मिलिमीटर, लांब बाजू एक्स दिशेत, एक बाजू पॉलिश केलेली. कापून आणि दिशेची खूण करूनच मागवा. घरी डायमंड स्क्राइबरने कापायच्या नादात अख्खा वेफर वाया जातो आणि वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट नुकसान होतं.

पीसीबीची ऑर्डर

बोटांच्या २० जोड्या, एकमेकांवर चढलेला भाग १० मिलिमीटर. एका आयडीटीची लांबी सुमारे ८ मिलिमीटर होते. बोर्डच्या मधोमध १४ मिलिमीटर रुंद खिडकी कापून घ्या आणि तिच्या दोन बाजूंना एकेक आयडीटी ठेवा, मध्य ते मध्य २४ मिलिमीटर. दोन वेगळे बोर्ड करू नका. एकाच बोर्डवर असले की दोन्ही आयडीटी आपोआप समांतर राहतात आणि जुळवाजुळवीची एक डोकेदुखी कमी होते.

पाव तरंगलांबीच्या या बोटांसाठी जोड्यांची संख्या हा तडजोडीचा मामला आहे. स्फटिकावर थेट धातू असेल तर ५० ओहमशी जुळायला चार-पाच जोड्याही पुरतात. दाबलेल्या बोटांत पकड कमी असल्याने जास्त जोड्या लागतात. जोड्या वाढल्या की चालणाऱ्या वारंवारतांचा पट्टा अरुंद होतो. २० जोड्यांना तो साधारण ०.४५ मेगाहर्ट्झ येतो आणि तो सोयीचा आहे.

ऑर्डर देताना या चार गोष्टी लिहूनच द्या. तांब्याचा थर अर्धा औंस, म्हणजे १८ मायक्रॉन. एक औंसात एचिंग बाजूने आत खातं आणि ४ मिलची रेघ वर अरुंद, खाली रुंद होते. स्फटिक जिथे बसणार त्या संपूर्ण जागेवर सोल्डर मास्क (बोर्डवरचा हिरवा रंगाचा थर) नको, चारी बाजूंनी २ मिलिमीटर जास्तच मोकळी ठेवा. मास्कची कड तांब्याच्या वर येते आणि स्फटिक तिच्यावरच टेकून राहतो. त्या जागेत पांढरी अक्षरंही नकोत. आणि फिनिश (तांब्यावरचा शेवटचा थर) एचएएसएल अजिबात नको. त्यात वितळलेल्या सोल्डरचा थर उंचसखल बसतो. कोरं तांबं किंवा इमर्शन गोल्ड घ्या.

मला कोरं तांबं जास्त पसंत आहे, कारण ते घासून सपाट करता येतं. एफआर-फोरच्या, म्हणजे नेहमीच्या पीसीबीच्या पाट्याच्या, आत काचेच्या धाग्यांचं विणकाम असतं आणि त्याची लाट वरच्या तांब्यावर काही मायक्रॉनची उमटते. २००० नंबरचा वॉटर पेपर जाड, सपाट काचेवर चिकटवा. पाणी टाकून बोर्ड त्यावर बोटांच्या दिशेने, स्वतःच्या वजनापेक्षा जरासाच जास्त दाब देऊन फिरवा. आडवं घासलं तर तांब्याचा कीस फटीत अडकतो आणि शॉर्ट होतो. सगळीकडे सारखी चमक आली की थांबा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, मल्टिमीटरने दोन बाजूंत शॉर्ट नाही हे बघून लगेच वापरा. पावसाळ्यात पुण्याच्या हवेत घासलेलं तांबं लवकर काळवंडतं, म्हणून झिपलॉक पिशवीत सिलिका जेलबरोबर ठेवा.

फट: सगळं इथेच अडतं

लिथियम निओबेटचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचं माप) ५० च्या घरात आणि हवेचा १. बोटं आणि स्फटिक यांच्यात हवेचा पातळ थर राहिला तर जवळजवळ सगळा व्होल्टेज त्या हवेतच संपतो. ढोबळ हिशेब असा: २π भागिले तरंगलांबी, गुणिले फट, गुणिले ५०. त्यात १ मिळवा आणि त्याने १ ला भागा. स्फटिकापर्यंत पोचणाऱ्या व्होल्टेजचं प्रमाण मिळतं.

१ मायक्रॉन फटीला ५६ टक्के. ३ मायक्रॉनला ३० टक्के. ५ मायक्रॉनला २० टक्के. आणि शक्ती वर्गाने घटते, म्हणजे ५ मायक्रॉनला जेमतेम ४ टक्के. धुळीचा एक कण मध्ये आला की चिप ‘चालत नाही’, त्याचं कारण हे आहे. अ‍ॅम्प्लिफायर बदलून, वॉट वाढवून यावर इलाज होत नाही. फक्त बोर्ड गरम होतो.

फट भरायला पाणी किंवा तेल घालावं असं सुचतं, पण तो थर तरंगालाच शोषून घेतो. फट कमी करायचा मार्ग एकच: स्वच्छता, सपाटपणा आणि सारखा दाब.

रचना खालून वर अशी. १० मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची प्लेट, वरचा पृष्ठभाग मिलिंग केलेला. पुण्याजवळ भोसरीत जॉबवर्कवाल्याकडे हे छोटं काम आहे. तिच्यावर थर्मल पेस्टचा पातळ थर. त्यावर स्फटिक, पॉलिश बाजू वर. त्यावर पीसीबी, बोटं खाली करून. मग २ मिलिमीटर जाड सिलिकॉन रबराचे दोन तुकडे, प्रत्येक आयडीटीच्या बरोबर मागे, तेवढ्याच मापाचे. आणि शेवटी अ‍ॅल्युमिनियमच्या दोन आडव्या पट्ट्या, दोन्ही टोकांना एम-३ स्क्रू. रबर शीट, स्क्रू, वॉशर पुण्यात बोहरी आळीत मिळतात; एसएमए कनेक्टर (आरएफ केबलचा छोटा स्क्रू-कनेक्टर) आणि को-अ‍ॅक्स केबल पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा.

रबर वगळू नका. कडक पट्टी थेट बोर्डवर आवळली की दाब स्क्रूजवळ एकवटतो, मध्ये बोर्ड कमानीसारखा उचलला जातो आणि स्फटिकाला कडेला तडा जातो. बोर्ड ०.८ मिलिमीटर जाडीचा घ्या. १.६ चा बोर्ड रबराचं ऐकत नाही. फ्लेक्स पीसीबी सर्वांत चांगला बसतो, फक्त तो घासता येत नाही.

पॉलिश बाजू खाली ठेवण्याची चूक सर्रास होते. बोटं ज्या पृष्ठभागाला टेकतात तरंग त्याच पृष्ठभागावर उठतो आणि द्रवाचा चॅनेलही त्याच बाजूला हवा. खिडकी त्यासाठीच आहे.

कपॅसिटन्स खोटं बोलत नाही

फट डोळ्यांनी दिसत नाही, पण मोजता येते. त्यासाठी नॅनोव्हीएनए, म्हणजे हातात मावणारा स्वस्त व्हीएनए, पुरतो, काही हजारांत मिळतो. केबलच्या टोकाला ओपन, शॉर्ट, लोड कॅलिब्रेशन करा. मग अनुनादापासून दूर, ५ मेगाहर्ट्झला, कपॅसिटन्स बघा.

स्फटिक न ठेवता नुसत्या बोर्डचं मोजमाप १० पिकोफॅरडच्या आसपास येतं, अधिक कनेक्टर आणि पट्ट्यांचं जे असेल ते. बोटं स्फटिकावर थेट उमटवलेली असती तर २० जोड्या आणि १० मिलिमीटरसाठी साधारण ९० पिकोफॅरड आले असते. दाबलेल्या बोर्डला ५० ते ६० आले की फट मायक्रॉनभर आहे असं समजा आणि पुढे जा. २०-२५ वरच अडकलं असेल तर काहीतरी मध्ये आहे. उघडा, पुसा, पुन्हा बसवा.

स्क्रू आळीपाळीने, पाव-पाव फेरा आवळत आकडा बघत राहा. तो चढतो, मग चढणं थांबतं. थांबला की तुम्हीही थांबा. त्यापुढे आवळून हाती काही लागत नाही, आणि स्फटिक मात्र ठिसूळ आहे.

आता ८ ते १२ मेगाहर्ट्झ स्वीप करा. एस-११ मध्ये (परत येणाऱ्या सिग्नलमध्ये) ९.८ च्या जवळ खड्डा दिसायला हवा. दाबलेल्या तांब्याच्या वजनाने तो थोडा खाली सरकतो. खड्डा उथळ असेल तर स्फटिक एखादा अंश फिरवून बघा. थेट उमटवलेल्या बोटांत ही सोय नसते.

खड्डा दिसला म्हणजे तरंग उठलाच असं नाही. दोन्ही आयडीटी व्हीएनएच्या दोन पोर्टना जोडा, एस-२१ (पलीकडे पोचणारा सिग्नल) टाइम डोमेनमध्ये, म्हणजे वेळेच्या अक्षावर, बघा. केबलमधून थेट गळणारा सिग्नल शून्याजवळ दिसेल. पृष्ठभागावरून आलेला २४ मिलिमीटरला ६ मायक्रोसेकंदांनी येईल. मग खिडकीत पाण्याचा थेंब ठेवा. ६ मायक्रोसेकंदांवरचं शिखर कोसळलं आणि शून्याजवळचं जागचं हललं नाही, तर तो खरोखर पृष्ठभागावरचा तरंग आहे. ही परीक्षा पास झाल्याशिवाय अ‍ॅम्प्लिफायर जोडू नये असं माझं ठाम मत आहे.

शक्ती

वारंवारतेसाठी एसआय-५३५१ या क्लॉक जनरेटर चिपचं मॉड्यूल आणि कुठलाही आर्डुइनो. अ‍ॅम्प्लिफायरसाठी हॅम रेडिओवाले वापरतात तो आयआरएफ-५१० या मॉस्फेटचा (पॉवर ट्रान्झिस्टरचा) ५ वॉटचा एचएफ किट. ९.८ मेगाहर्ट्झ निवडण्याचा हाही एक फायदा: हॅम रेडिओच्या ३० मीटर बँडसाठी (१० मेगाहर्ट्झजवळ) बनवलेला लो-पास फिल्टर जसाच्या तसा चालतो. एसआय-५३५१ चौकोनी लहर देतो, त्यामुळे फिल्टर हवाच, नाहीतर हार्मोनिक्स नुसते उष्णता करतात.

अ‍ॅम्प्लिफायर आणि आयडीटी यांच्यात ३ डेसिबलचा पाय-पॅड (शक्ती कमी करणारी तीन रेझिस्टरची जोडणी) घाला: मध्ये १८ ओहम, दोन्ही बाजूंना ३०० ओहम, सगळे २ वॉटचे. निम्मी शक्ती त्यात जाते, पण स्फटिक हलला, जुळणी बिघडली तरी मॉस्फेट वाचतो.

अ‍ॅम्प्लिफायरच्या ५० ओहमशी जुळणीला एक सिरीज इंडक्टर पुरतो. कपॅसिटन्स ५५ पिकोफॅरड असेल तर ९.८ मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा (रिअ‍ॅक्टन्स) सुमारे २९५ ओहम होतो आणि तो रद्द करायला ४.८ मायक्रोहेन्री लागतात. टी-५०-२ टोरॉइडवर (लोखंडी भुकटीच्या कड्यावर) २६ गेजच्या तारेचे ३१ वेढे. वेढे थोडे जवळ-लांब सरकवून एस-११ चा खड्डा खोल करा. या इंडक्टरमुळे बोटांवरचा व्होल्टेज बराच वाढतो, तेव्हा चालू असताना हात लावू नका; आरएफचा चटका खोल जातो. सगळं सर्किट स्टीलच्या डब्यात बंद करा, कारण हा पट्टा रेडिओचा आहे आणि आपली केबल अँटेना होता कामा नये.

चॅनेल

काचेच्या स्लाइडवर सेलोटेपचे दोन-तीन थर चढवा, स्टीलची पट्टी आणि ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड घेऊन १ मिलिमीटर रुंदीची पट्टी सोडून बाकीचं सोलून काढा. जाडी मायक्रोमीटरने मोजा, १०० मायक्रॉनच्या आसपास हवी. हा साचा. त्यावर पीडीएमएस (पारदर्शक सिलिकॉन रबर) १० भागांना १ भाग क्युरिंग एजंट, बुडबुडे जाईपर्यंत व्हॅक्यूममध्ये, मग ६५ अंशांना चार तास. सुटल्यावर चॅनेलच्या दोन टोकांना ट्यूबसाठी भोकं पाडा.

चॅनेल बोटांना समांतर बसतो, तरंगाच्या वाटेला आडवा. पीडीएमएस हा तरंग झपाट्याने पितो, म्हणून चॅनेलच्या दोन्ही बाजूंची भिंत १ ते २ मिलिमीटरच ठेवा. बाहेर १० मिलिमीटर रुंद ठोकळा तसाच ठेवला तर चॅनेलपर्यंत काहीच पोचत नाही, आणि दोष उगाच अ‍ॅम्प्लिफायरला दिला जातो. स्फटिकाच्या दोन्ही टोकांना, आयडीटीच्या मागे, सिलिकॉन सीलंटचा ठिपका लावा. कडेवरून परतणारा तरंग तिथे विरतो.

दोन्ही आयडीटी एकाच वेळी चालवले की उभा तरंग तयार होतो आणि रांगा अर्ध्या तरंगलांबीवर, म्हणजे २०३ मायक्रॉनवर बसतात. १ मिलिमीटर चॅनेलमध्ये चार-पाच रांगा दिसतील. एकच रांग हवी असेल तर चॅनेल २०० मायक्रॉनपेक्षा अरुंद करावा लागेल, आणि तिथे सेलोटेप कामाचा नाही.

रांगा बाजूला सरकवायच्या असतील तर एसआय-५३५१ च्या दोन आउटपुटमध्ये फेज बदला आणि दोन अ‍ॅम्प्लिफायर वापरा. व्हीसीओ (चिपच्या आतला मूळ दोलक) ७८४ मेगाहर्ट्झ आणि भागाकार ८० ठेवला तर फेज रजिस्टरमधला ८० हा आकडा म्हणजे ९० अंश. १८० अंशांना रांग १०० मायक्रॉन सरकते. रजिस्टर १२७ पर्यंतच जातं, त्यापुढे उलट करणारा बिट आहे. फेज लिहिल्यावर पीएलएल (त्या दोलकाची वारंवारता बांधून ठेवणारं सर्किट) रीसेट केला नाही तर काहीही बदलत नाही.

यीस्ट आणि दूध

पॉलिस्टायरीनचे मोजून बनवलेले मणी महाग. पहिल्या चाचणीला बेकरीतलं यीस्ट उत्तम: १० मिलिलिटर पाण्यात ०.१ ग्रॅम, दहा मिनिटं स्थिर ठेवून मधला भाग घ्या, म्हणजे गुठळ्या येत नाहीत. पाणी उकळून गार केलेलं हवं, नाहीतर चॅनेल तापताच बुडबुडे धरतात. प्रवाह मिनिटाला ५ मायक्रोलिटर. सिरिंज पंप नसेल तर सलाईनचा सेट वर टांगून, रोलर क्लॅम्पने थेंब आवरून जवळपास जाता येतं. अर्ध्या वॉटपासून सुरुवात करा. आयडीटीसमोरून जायला प्रवाहाला बारा सेकंद मिळतात, तेवढ्यात पेशी रांगा धरतात.

मग त्याच चॅनेलमध्ये, काहीही न हलवता, शंभरपट पातळ केलेलं म्हशीचं दूध सोडा. दूध गोठ्यावरचं हवं. होमोजिनाइज केलेल्या पिशवीच्या दुधात स्निग्धगोल फार बारीक झालेले असतात. यीस्ट पाण्यापेक्षा जड आणि कमी दबणारं, ते दाबाच्या गाठींवर (जिथे दाब जवळजवळ बदलत नाही त्या रेषांवर) जमतं. दुधातले स्निग्धगोल हलके आणि जास्त दबणारे, ते बरोबर दोन गाठींच्या मध्ये जातात. दोन्ही रांगांत पाव तरंगलांबीचा, १०० मायक्रॉनचा फरक सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसला की तुमचा उभा तरंग खरा आहे.

रांगांऐवजी कण गोल गोल फिरत राहिले तर ते अकूस्टिक स्ट्रीमिंग, म्हणजे तरंगाने द्रवातच उठवलेला प्रवाह, आहे. तरंगाचा थेट जोर त्रिज्येच्या घनाने घटतो, प्रवाहाची ओढ फक्त त्रिज्येने. त्यामुळे १-२ मायक्रॉनच्या खालचे कण, म्हणजे बहुतेक जिवाणू, या मापाच्या चिपमध्ये रांगेत उभे राहायला तयार होत नाहीत. चॅनेलची उंची कमी केली तर थोडी मदत होते.

उष्णता

लिथियम निओबेट पायरोइलेक्ट्रिक आहे. तापमान बदललं की दोन पृष्ठभागांवर विरुद्ध प्रभार साचतो, ठिणग्या उडतात, स्फटिक तडकतो. तापवताना आणि गार करताना मिनिटाला २ अंशांपेक्षा जास्त वेग नको, आधीच तापलेल्या हॉटप्लेटवर ठेवणं तर मुळीच नको. दोन्ही पृष्ठभागांना टेकेल असा अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळला की प्रभार निघून जातो. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते हे पुणेकरांना सांगायला नको. त्या दिवशी स्फटिकावर काही भाजायचं असेल तर तो अ‍ॅल्युमिनियमच्या जाड ठोकळ्यावर ठेवून वर स्टीलचं भांडं पालथं घाला. वीज गेली तरी तो सावकाश गार होतो.

चिप चालू असताना तापमानामुळे वारंवारता सरकते, पण १० अंशांना फक्त ७-८ किलोहर्ट्झ. २० जोड्यांच्या पट्ट्यात ते खपून जातं. काळजी पेशींची करा. एक वॉट सलग दिला तर मिनिटाभरात चॅनेल चांगलाच गरम होतो. १ किलोहर्ट्झने अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद असं चालवा, आणि थर्मल पेस्ट विसरू नका.

या पद्धतीची मर्यादा १३ ते १५ मेगाहर्ट्झ. त्याहून वर बोटं बारीक होतात, फटीची सूट आणखी कमी होते आणि पीसीबी साथ सोडतो. ३० मेगाहर्ट्झ हवे असतील तर बोट ३३ मायक्रॉनचं. तिथे छपाईच्या पॉझिटिव्ह फिल्मवर मास्क काढून, बाहेरून धातूचा थर चढवून घेतलेल्या वेफरवर लिथोग्राफी करणंच बरं. स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांसाठी फिल्म काढणाऱ्यांकडे २४०० डीपीआयची फिल्म मागा. एक ठिपका साधारण १० मायक्रॉनचा असतो, त्यामुळे ३३ मायक्रॉनची रेघ तीन ठिपक्यांत जेमतेम बसते. तिच्या कडा भिंगाखाली तपासूनच मास्क वापरायला घ्या.